एक घर, दोन मुलं, दोन शाळा: आइंडहोव्हनमधलं एक प्रकरण

२०२२ ची दिवाळी उलटून दोन-तीन आठवडे झाले असतील. ताईचा चिंचवडहून फोन आला. "दाजींचं ऑफर लेटर आलं. एप्रिलमध्ये निघायचंय. घर, थंडी, भाजी कुठे मिळते ते सगळं नंतर बोलू. आधी शाळा कुठली ते सांग."

मी तेव्हा नेदरलँड्समध्ये दहा वर्षं काढली होती. माझी दोन्ही मुलं आइंडहोव्हनमध्येच जन्मली आणि चार वर्षांची झाली तशी गल्लीच्या टोकाच्या डच शाळेत जाऊ लागली. त्यामुळे उत्तर माझ्या जिभेवरच होतं. "दोघांनाही साध्या डच शाळेत घाल. फी नाही, शाळा उत्तम, सायकलने जातील. इंटरनॅशनल शाळा म्हणजे पैसे जाळायचे धंदे."

दोन मिनिटांत दिलेलं हे उत्तर निम्मं चुकलं. कुठे चुकलं आणि ताईने ते कसं दुरुस्त केलं, हे लिहून ठेवतोय, कारण तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी मित्र, कुणाची तरी मावसबहीण हाच प्रश्न घेऊन मला फोन करते. आणि दर वेळी मला तेच दोन मिनिटांचं उत्तर द्यायचा मोह होतो.

माणसं आणि वयं

दाजी मशीन डिझाइनमधले. चिप बनवणारी यंत्रं करणाऱ्या एएसएमएलचं मुख्यालय आमच्या शेजारच्या वेल्डहोव्हनमध्ये आहे, आणि तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आसपास पसरलेल्या आहेत. त्यातल्या एका कंपनीत तीन वर्षांचा करार. ताई एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघायची. थोरली २०१२ च्या जूनमधली, सीबीएसईच्या पाचवीत, गणितात पक्की, बोलायला लाजरी. धाकटा २०१६ च्या सप्टेंबरमधला, पहिलीत, लाज हा शब्द त्याने ऐकलेलाही नाही.

माझ्या सल्ल्यात या दोन जन्मतारखा कुठेच नव्हत्या. ताईने मात्र दुसऱ्याच फोनला विचारलं, "तुमच्याकडे बारा वर्षांच्या मुलांचं काय होतं?"

इथे प्राथमिक शाळेत आठ इयत्ता असतात, त्यांना ग्रूप १ ते ग्रूप ८ म्हणतात. पहिल्या दोन ग्रूपमध्ये खेळ, गाणी, कातरकाम. वाचायला खऱ्या अर्थाने ग्रूप ३ मध्ये, म्हणजे सहाव्या वर्षी शिकवतात. (आपल्याकडे सीनियर केजीत धडा वाचणाऱ्या मुलांच्या आया इथे आल्यावर पहिले सहा महिने याच दुःखात असतात.) ग्रूप ८ मध्ये, साधारण बाराव्या वर्षी, वाट फुटते. शाळा सल्ला देते की हे मूल व्हीएमबीओ या चार वर्षांच्या व्यवसायाभिमुख शाखेत जावं, पाच वर्षांच्या हावोत जावं, की थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या सहा वर्षांच्या व्हीडब्ल्यूओत. २०२३-२४ पासून या सल्ल्याच्या जोडीला फेब्रुवारीत दोअरस्ट्रोमटूट्स नावाची चाचणी असते. चाचणीचा निकाल सल्ल्यापेक्षा वरचा आला, तर शाळेने सल्ला वर न्यावा, असा नियम आहे. खालचा आला तर सल्ला खाली येत नाही. पुढे शाखा बदलता येते, नाही असं नाही. पण प्रवाहाच्या उलट पोहावं लागतं.

आता थोरली हिशोबात घ्या. एप्रिल २०२३ ला येणार, तेव्हा वय दहा वर्षं दहा महिने. डच शाळेत ग्रूप ७ चे शेवटचे तीन महिने, मग उन्हाळ्याची सुट्टी, मग थेट ग्रूप ८. डचचा एक शब्द येत नाही. येऊन चार वर्षं झाली नसतील आणि भाषा पुरेशी येत नसेल, तर त्या चाचणीतून सूट मिळू शकते. पण सूट मिळाली म्हणजे भाषा आली असं नाही. अशी मुलं बाराव्या वर्षी आयएसके या नवागतांच्या माध्यमिक वर्गात जातात, वर्ष-दोन वर्षं भाषा शिकतात आणि मग कुठल्या तरी शाखेत सामावली जातात. त्या वर्गांत जीव ओतून शिकवणारे शिक्षक मी पाहिलेत. तरीही गणितात वर्गाच्या पुढे असलेल्या मुलीने, केवळ शब्द सापडत नाहीत म्हणून, आपल्या पायरीच्या दोन पायऱ्या खाली बसून सुरुवात करायची, ही जोखीम खरी आहे. त्यात तीन वर्षांनी परत जायचं ठरलेलं असेल, तर भाषा हातात येते न येते तोच बॅगा भरायच्या.

माझी मुलं चौथ्या वर्षी या व्यवस्थेत शिरली होती. माझा थोरला तेव्हा ग्रूप ५ मध्ये होता आणि बाराव्या वर्षाचा विचार आमच्या घरात कुणी केलाच नव्हता. मी ताईला माझ्या मुलांची शाळा सुचवत होतो, तिच्या मुलीची नाही.

परतीची तारीख

शाळा शोधण्याआधी ताईने दाजींना बसवून एकच गोष्ट वदवून घेतली: परत कधी यायचं? दाजी म्हणाले, "तीन वर्षं, फार तर चार." ताई म्हणाली, "तीन आणि चार एक नाहीत."

नाहीतच. सीबीएसईमध्ये बोर्डाची नोंदणी नववीत होते. दहावीत बाहेरून मधूनच येऊन बसणं फार अवघड. म्हणजे मुलाला नववीच्या सुरुवातीपर्यंत भारतात आणायचं, नाहीतर निदान दहावीच्या बरोबरीचा टप्पा तिकडे पुरा करून अकरावीला आणायचं. मधल्या दोन वर्षांत आणलं तर मुलाचं एखादं वर्ष जातं किंवा पालकांचे जोडे झिजतात. शिवाय महाराष्ट्राच्या कोट्यातून मेडिकलला जायचं असेल, तर अधिवासाबरोबर साधारणपणे दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून दिलेल्या लागतात. हे परदेशी निघालेल्या बहुतेक घरांना माहीत नसतं. कळतं तेव्हा मूल अकरावीत असतं.

थोरलीसाठी तीन वर्षं म्हणजे २०२६, म्हणजे आठवी संपते तिथे. बरोबर उंबरठ्यावर. चौथं वर्ष घेतलं की उंबरठा ओलांडला, आणि मग निदान दहावीपर्यंत इथेच राहणं जवळजवळ भाग. धाकट्यासाठी तीन काय, चार काय, पाच काय, काहीच बिघडत नव्हतं. तो परत गेला तरी पाचवी ते सातवीत कुठेतरी जाणार.

ताईच्या एक्सेलमध्ये इथूनच दोन मुलांची दोन पानं झाली. तोपर्यंत आम्ही सगळे "मुलांची शाळा" असा एकच शब्द वापरत होतो.

तीन दारं

आइंडहोव्हनमध्ये सीबीएसईची शाळा नव्हती, त्यामुळे तो सोपा मार्ग बंद होता. उरले तीन.

पहिला, साधी डच शाळा. सरकारी पैशावर चालते, फी नाही. शाळा सहलीबिहलीसाठी पालकांकडून वर्गणी मागते, पण ती खरोखरच ऐच्छिक आहे. वर्गणी दिली नाही म्हणून कुठल्याही मुलाला सहलीतून वगळता येणार नाही, असा कायदा ऑगस्ट २०२१ पासून आहे. नवीन आलेली मुलं आधी तालक्लास म्हणजे भाषावर्गात साधारण वर्षभर बसतात आणि मग नेहमीच्या शाळेत जातात.

दुसरं दार बाहेरच्या फार लोकांना माहीत नसतं. डच आंतरराष्ट्रीय शाळा. नाव इंटरनॅशनल, शिकवणं इंग्रजीतून, अभ्यासक्रम बहुधा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, अनेक देशांत चालणारा अभ्यासक्रम) किंवा त्याच्या जवळचा, पण खर्चाचा काही भाग सरकार उचलतं. त्यामुळे प्राथमिकची फी तेव्हा वर्षाला साधारण ५ ते ७ हजार युरो आणि माध्यमिकची ७ ते १० हजारांच्या घरात होती. बदल्यात अट: मूल परदेशी नागरिक असेल तर आई किंवा वडील इथे मर्यादित मुदतीसाठी नोकरीला आलेले असावेत आणि कंपनीने तसं पत्र द्यावं. दाजींच्या कंपनीने दिलेल्या पहिल्या पत्रात मुदतीचं वाक्यच नव्हतं. पगार होता, पदनाम होतं, शुभेच्छाही होत्या. ते एक वाक्य घालून घ्यायला तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस अर्ज अपुरा म्हणून पडून राहिला.

तिसरं दार, पूर्ण खासगी आंतरराष्ट्रीय शाळा. ॲम्स्टरडॅम-हेगकडे अशा शाळा आहेत, काही खूप जुन्या आणि नावाजलेल्या. फी वर्षाला सहज २० हजार युरोंच्या पुढे. दोन मुलांचे ४० हजार. ज्यांची कंपनी भरते त्यांच्यासाठी हे दार उघडं असतं. इतरांनी त्याच्या खिडकीतून फक्त आत बघावं.

या तिसऱ्या दाराशी ताई थोडी अडखळली होती, ते सांगितलं पाहिजे. पुण्यातल्या एका स्थलांतर सल्लागाराने तिला एका नव्या शाळेची चकचकीत पुस्तिका पाठवली. त्यात पानोपानी आयबी. पहिल्या वर्षी फीत घसघशीत सूट. मी म्हटलं, आयबीच्या संकेतस्थळावर जाऊन शाळेचं नाव शोध. शोधलं तर ती मान्यताप्राप्त शाळा नव्हती, 'कँडिडेट' होती. म्हणजे अर्ज केलाय, तयारी चालू आहे, मान्यता मिळेलच अशी हमी नाही. पुस्तिकेत हे शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात होतं. तसं पाहिलं तर 'इंटरनॅशनल' हा शब्द पाटीवर लिहायला कुणाची परवानगी लागतेच कुठे. पुण्यात तर पत्र्याच्या शेडलाही इंटरनॅशनल स्कूल म्हणतात. आयबीचा मात्र तसा कारभार नाही. मान्यता आहे की नाही ते दोन मिनिटांत कळतं, आणि तीसुद्धा प्राथमिक, मधली आणि डिप्लोमा (म्हणजे अकरावी-बारावी) अशा प्रत्येक टप्प्याची वेगळी असते. पाचवीपर्यंत मान्यता असलेली शाळा अकरावीला आयबीची असेलच असं नाही.

पैशाची गोष्ट, आणि सही करण्याचा क्षण

नेदरलँड्समध्ये बाहेरून येणाऱ्या कुशल नोकरदारांसाठी करसवलत आहे. पगाराचा ३० टक्क्यांपर्यंत भाग कंपनी करमुक्त भत्ता म्हणून देऊ शकते, जास्तीत जास्त पाच वर्षं. २०२७ पासून तो आकडा २७ टक्के होणार आहे. हे सगळ्यांना माहीत असतं, कारण ऑफर लेटरमध्येच ठळक लिहिलेलं असतं. ठळक लिहिलेलं नसतं ते असं की, आंतरराष्ट्रीय शाळेची फी कंपनीने भरली तर तीही करमुक्त धरता येते, आणि या ३० टक्क्यांच्या वर, वेगळी.

फरक किती पडतो? ८ हजार युरो फी घरच्या खिशातून भरायची, तर ती कर कापून हातात आलेल्या पगारातून जाते. तेवढे हातात यायला वरचा पगार त्याहून बराच जास्त लागतो. कंपनीने थेट भरली तर कंपनीला ८ हजारच लागतात. म्हणजे पगारात थोडी वाढ मागण्यापेक्षा फी मागणं दोन्ही बाजूंना स्वस्त.

पण कंपनी हे देऊ शकते, देणं तिच्यावर बंधनकारक नाही. आणि मागायची वेळ सहीच्या आधीची असते. दाजींनी नोव्हेंबरात सही केली, फीचं जानेवारीत विचारलं. उत्तर आलं: करारात नाही. दाजी मुळात भिडस्त. ताईने त्यांना परत लिहायला लावलं, तिसऱ्या खेपेला कंपनीने पहिल्या वर्षाची निम्मी फी मान्य केली. पुढची दोन वर्षं स्वतःची. ही चूक एकट्या दाजींची नाही. मी दहा वर्षं इथे असून मलाही हे माहीत नव्हतं, कारण मला कधी फी भरावीच लागली नाही.

निर्णय, आणि चिंचवडची प्रतिक्रिया

फेब्रुवारीत ठरलं. थोरली डच आंतरराष्ट्रीय शाळेत, ऑगस्टपासून आयबीच्या मधल्या टप्प्याच्या पहिल्या वर्षात, म्हणजे आपल्या सहावीत. धाकटा आल्या आल्या तालक्लासमध्ये आणि मग घराजवळच्या डच शाळेत.

दाजींच्या आईंना हे फोनवर समजावताना ताईची दमछाक झाली. "मुलीला लाखांची शाळा आणि मुलाला फुकटची? आजवर उलटंच ऐकत आले मी." मग थोड्या वेळाने, "बरंच केलंस म्हणा." पहिल्या वाक्यातला टोमणा कुणाला होता आणि दुसऱ्यातलं समाधान कशाचं, हे ताईला अजून उलगडलेलं नाही.

मीही थोडा कुरकुरलो. दोन मुलांना दोन शाळांत, दोन भाषांत टाकायचं म्हणजे दोन सुट्ट्यांची वेळापत्रकं, दोन पालकसभा, सकाळी दोन दिशांना दोन सायकली. शिवाय भावंडांमध्ये तुलना. ताईचं म्हणणं सरळ होतं: "दोघांना एकाच मापाचे बूट आणते का मी?"

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं पुस्तक आणि जन्मदाखले. जन्मदाखल्यावर आधी राज्य शासनाचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून मारलेला शिक्का, लागतो. तो निघण्याआधीच करून घ्यायचा, कारण इथे आल्यावर महापालिकेत नोंदणी त्यावर होते आणि पुढचं सगळं त्या नोंदणीवर. घर मिळण्याआधी शाळा नक्की करणं कठीण आणि शाळा नक्की होण्याआधी घर घेणं मूर्खपणाचं, हा पेच आइंडहोव्हनमध्ये भाड्याच्या घरांच्या टंचाईमुळे जास्तच घट्ट बसतो. ताई-दाजी पहिले सात आठवडे आमच्याकडे राहिले, म्हणून तो सुटला. ज्यांचा इथे मामा नाही त्यांनी याचे पैसे आणि वेळ आधीच धरून ठेवावेत.

धाकटा

एप्रिल २०२३ च्या तालक्लासमध्ये त्याच्यासोबत सीरियाची, युक्रेनची, पोलंडची मुलं होती. एकाचीही भाषा दुसऱ्याला येत नव्हती, त्यामुळे सगळे समान. चिंचवडमध्ये वर्गाबाहेर उभा राहण्याचा विक्रम करणारा हा मुलगा इथे चार महिने तोंड उघडेना. ताई घाबरली. शिक्षिका म्हणाली, थांबा. सप्टेंबरात एके दिवशी त्याने जेवताना "माख इक वाटर?" म्हणून पाणी मागितलं, आणि त्यानंतर तो थांबलेला नाही.

पुढच्या मे महिन्यात तो जवळच्या शाळेत गेला. शाळेने सुचवलं की उरलेले दोन महिने ग्रूप ३ मध्ये बसवू आणि ऑगस्टपासून ग्रूप ४ करू. वयाने तो तिथे मोठ्यांतला झाला. दाजींना हे खटकलं, "वर्ष वाया." ताईला नाही. वाचनाचा पाया डचमध्ये घालायचा तर घाई कशाला. मला विचाराल तर पूर्ण प्रकरणात ताईने घेतलेला हा सर्वात शांत निर्णय.

वाढदिवसाला वर्गात खाऊ वाटायची इथे रीत आहे. त्याने चकल्या नेल्या, मुलांनी संपवल्या आणि पुढच्या आठवड्यात दोन आयांनी कृती विचारली. डब्यात मात्र पोळीभाजी नको, सगळ्यांसारखा ब्रेड-चीज हवा, असा हट्ट सुरू झाला. पोहण्याचं 'ए डिप्लोमा' हे प्रमाणपत्र मिळवलं, जे इथे मुलाला सायकल येण्याइतकंच आवश्यक मानतात, कारण जिकडे तिकडे कालवे. दार वाजतं आणि बाहेर तीन पोरं उभी असतात, "तो खेळायला येईल का?"

याची किंमतही आहे. पहिलीत त्याला मराठी वाचता येत होतं, अडखळत का होईना. आता पाटी दिसली तर अक्षरं ओळखतो, शब्द लागत नाही. ताईशी मराठीत सुरुवात करतो आणि वाक्य डचमध्ये संपवतो. परत जायची वेळ आली असती तर पाचवीचं मराठी, हिंदी आणि पहाडे एकदम अंगावर आले असते.

थोरली

तिचा पहिला दिवस मला आठवतो, कारण सोडायला मी गेलो होतो. दारात शिक्षकांनी तिचं नाव नीट उच्चारून विचारलं, "असंच म्हणतात ना?" मुलगी गाडीत बसल्यापासून पहिल्यांदा हसली.

अभ्यास तिला जड गेला नाही, विचित्र वाटला. आयबीच्या या टप्प्यात शंभरपैकी गुण नसतात. प्रत्येक विषयात चार निकष, प्रत्येक निकषाला शून्य ते आठ, त्या बत्तिसातून शेवटी एक ते सात अशी श्रेणी. पहिल्या प्रगतिपुस्तकात गणितात ५ आले आणि घरात सुतक. शिक्षकांना भेटल्यावर कळलं की उत्तरं सगळी बरोबर होती, पण एक निकष संवादाचा आहे: कसं काढलंस ते शब्दांत मांड. तिने चिंचवडच्या सवयीने शेवटची ओळ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पुढच्या सत्रात ६, मग ७. दुसरीकडे, भारतातल्या सहावी-सातवीत बीजगणिताचा जितका सराव होतो तितका इथे होत नव्हता. परतीची शक्यता होती म्हणून दाजी शनिवारी सकाळी एनसीईआरटीचं पुस्तक घेऊन तिला बसवायचे. अडीच वर्षं. तिने कुरकुर केली, पण केलं.

वाईट काय झालं? पहिल्या वर्षाची जिवलग मैत्रीण जूनमध्ये कोरियाला परतली. दुसऱ्या वर्षाची टेक्सासला. तात्पुरत्या मुदतीच्या लोकांच्या मुलांची शाळा म्हटल्यावर हे होणारच. दर उन्हाळ्यात वर्गाचा एक भाग बदलतो. तिसऱ्या वर्षी तिने नव्या मुलीशी मैत्री करायच्या आधी विचारलं, "तू किती दिवस आहेस?" हे ताईने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

आणि भाषा. शाळेत डच विषय आहे, आठवड्यातून काही तास. तेवढ्याने दुकानात पाव मागता येतो, गल्लीतल्या मुलींच्यात मिसळता येत नाही. तीन वर्षांत शेजारच्या समवयस्क मुलीशी तिचं बोलणं 'हॅलो'च्या पुढे गेलं नाही. बेकरीत धाकटा तिचा दुभाष्या. तेरा वर्षांच्या मुलीला नऊ वर्षांचा भाऊ दुभाष्या म्हणून चालतो का, याचं उत्तर त्या दोघांच्या चेहऱ्यावर वेगवेगळं दिसतं. माझ्या मूळ सल्ल्यातला जो निम्मा भाग बरोबर होता, तो हाच होता. मी तो तिच्या शाळेसाठी सांगितला. सांगायला हवा होता शाळेबाहेरच्या वेळेसाठी. पहिल्या वर्षीच तिला गल्लीतल्या हॉकी क्लबात किंवा स्काउटमध्ये घातलं असतं, तर इंग्रजी शाळेत राहूनही डच आली असती. ते आम्हाला कुणालाच वेळेवर सुचलं नाही.

मध्येच एक गंमत. २०२३ च्या डिसेंबरात पुण्याची तिकिटं नाताळच्या सुट्टीआधी चार दिवस घेतली तर बरीच स्वस्त पडत होती. ताईने घेतली आणि धाकट्याच्या शाळेला कळवलं. शाळेने कळवलं, असं चालत नाही. पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे, आणि सुट्टी सोडून परगावी जायला परवानगी लागते. ती न घेता गेलात तर महापालिकेचा हजेरी अधिकारी दंडाची कारवाई सुरू करू शकतो. तिकिटं बदलली, वाचवलेले पैसे तिथेच गेले. पण दिवाळीला मात्र धार्मिक सण म्हणून एक दिवस रजा हक्काने मिळते, दोन दिवस आधी कळवलं की झालं. गणपतीला ती मिळवायचा ताईचा प्रयत्न अजून चालू आहे.

उंबरठ्यावर

२०२५ च्या सप्टेंबरात कंपनीने दाजींचा करार वाढवायचं विचारलं. आता तेच एक्सेल परत उघडलं. थोरली आयबीच्या मधल्या टप्प्याच्या तिसऱ्या वर्षात, म्हणजे आठवीत. परत जायचं तर हीच वेळ, आणि तीही वाकडी: भारतातली नववी एप्रिल २०२६ ला सुरू होणार, इथलं वर्ष जुलैत संपणार. म्हणजे वर्ष अर्धवट सोडा किंवा नववीत तीन महिने उशिरा शिरा. राहायचं तर २०३० च्या मेपर्यंत, डिप्लोमा पुरा करूनच. मग महाराष्ट्राचा मेडिकलचा कोटा विसरायचा. जेईई द्यायची ठरली तर स्वतंत्र तयारी लागणार, आणि डिप्लोमात गणिताचे दोन प्रकार असतात त्यातला 'ॲनालिसिस अँड अप्रोचेस' घ्यायचा, कारण इंजिनिअरिंगसाठी युरोपातही बहुतेक ठिकाणी तोच मागतात.

या वेळी थोरलीला विचारलं. तिने दोन दिवस मागून घेतले. मग म्हणाली, राहायचं, पण एका अटीवर, आता मला कुणीही जाणारी मैत्रीण नको, मला इथली मैत्रीण हवी. त्यासाठी काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. सध्या ती मंगळवार-गुरुवार संध्याकाळी हॉकीला जाते. प्रशिक्षक ओरडतो ते डचमध्ये, त्यामुळे क्रियापदं भराभर येतायत, बहुतेक आज्ञार्थीच.

दाजींनी या वेळी सही करण्याआधी फीचं विचारलं. निम्मी मिळाली, दरवर्षी. शनिवारचं एनसीईआरटी बंद झालं. त्याच वेळात ताई आता धाकट्याला बालभारती घेऊन बसवते.

राहता राहिला मी. माझा थोरला आता ग्रूप ८ मध्ये आहे. जानेवारीत शाळेने त्याचा तात्पुरता सल्ला हातात ठेवला: हावो किंवा व्हीडब्ल्यूओ, दोन्हींच्या मध्ये. फेब्रुवारीत दोअरस्ट्रोमटूट्स आहे, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माध्यमिकचे अर्ज. बायको म्हणाली, कुठली शाळा, कुणाला विचारायचं? त्या रात्री मी ताईला फोन केला आणि तिची ती एक्सेल मागितली. ती म्हणाली, "पाठवते. पण आधी त्याची जन्मतारीख सांग."

"ताई, तुझाच भाचा आहे."

"माहितीये मला. तू सांग."